ओळखीचं कुणी

हेडविगबाईंच्या दाराची बेल वाजवण्याआधी शलाकानं कोटावरचा बर्फ झटकला. स्वीडनमधल्या या शहरात ती परवाच उतरली होती. दगडफुलांवरची बाईंची पुस्तकं वाचून ती साताऱ्यात शिकली होती. त्यांच्या हाताखाली सहा महिने संशोधन करायला मिळतंय म्हणून तिनं कॉलेजातली नोकरी सोडली होती.

दार बाईंच्या नवऱ्यानं उघडलं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. शलाकानं कोयनेच्या जंगलातून आणलेलं दगडफूल मोठ्या उत्साहानं त्यांच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी ते नाकाशी नेलं, हसल्या आणि फुंकर मारून उडवून दिलं.

"कचरा आहे," त्या म्हणाल्या.

शलाका गोंधळली. म्हातारा तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"तिला आता काहीच आठवत नाही. माझं नावसुद्धा नाही. तुझ्या मेलना उत्तरं मीच देत होतो."

"मग मला बोलावलंत कशाला?"

"तुझे प्रश्न वाचून दाखवले की तिचा चेहरा उजळायचा. वाटलं, तू समोर आलीस तर..."

शलाकाला चिडायचं होतं, पण चिडावं असं त्या घरात कुणीच नव्हतं. ती बाहेर येऊन बाईंच्या शेजारी बसली आणि तिला रडू आवरेना.

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "रडू नकोस गं," त्या मायेनं म्हणाल्या. "या शहरात तुझ्या ओळखीचं कुणी नाही का?"

"होतं," शलाका म्हणाली.