मोठा तुकडा

काच तिसऱ्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवूनही पॅथॉलॉजिस्टबाईंना गाठीच्या तुकड्यात कॅन्सरची एकही पेशी दिसेना. क्षयाच्या जंतूंनी मात्र गोतावळा जमवला होता. बाईंनी ऑपरेशन थिएटरला फोन लावला. “सर, स्तन काढू नका. क्षय आहे, गोळ्यांनी बरा होईल. लेकुरवाळी आहे पोरगी.” रिपोर्ट वाचण्याआधीच बोटांनी निदान उरकणारे सर्जनसाहेब हसले. “बाई, गाठ दगडासारखी लागतेय. तीस वर्षांत हा हात चुकलेला नाही.” “चुकला तरी कळणार कसं? काढलेलं परत कुणी लावून बघितलंय?” “बरं, तुमच्या समाधानासाठी मोठा तुकडा पाठवतो.” बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नवी काच पुसून ठेवली. तुकडा काढायला दहा मिनिटं लागतात. घड्याळात तास उलटला. मग थिएटरची सिस्टर आली. तुकडा बोटभर डबीत येतो. तिच्या हातात झाकणाची बादली होती.