सुनेचं नाव

"आडव्या बाटलीला दोनशे सहा मतं!" शाळेच्या ओट्यावरून मतमोजणीच्या साहेबांनी जाहीर केलं. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून सकाळपासून रांगेत ताटकळलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. दुकान चालू ठेवणाऱ्या उभ्या बाटलीला जेमतेम अकरा पडली होती.

साहेबांनी हात वर केला. "थांबा बायांनो. यादीत चारशे बारा बायका आहेत. बंदीला त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. एक मत कमी पडलं. ज्या आल्या नाहीत त्यांचा फायदा दुकानालाच."

"आन् यादीतली एखादी मेली असंल तर?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"नाव कमी केलं नसेल, तर तीही मोजायची."

तीन वर्षांपूर्वी द्रौपदाबाईच्या लेकानं दारू पिऊन मोटारसायकल झाडावर घातली होती. मागं बसलेली सून, वैजयंता, जागीच गेली. नाव कमी करायला मतदार यादीचं काम करणारे गुरुजी दोनदा घरी आले, पण द्रौपदाबाईनं मृत्यूचा दाखला काही हाती दिला नाही. निवडणूक आली की सुनेच्या नावाची चिठ्ठी घरी यायची. ती चिठ्ठी ती देव्हाऱ्यात ठेवायची.

बायका दुकानदाराला शिव्या घालत पांगल्या. द्रौपदाबाई घरी जाऊन आली आणि तिनं घडी घातलेला दाखला साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"नाव काढा तिचं," ती म्हणाली. "पुढल्या खेपेला तरी माझ्या सुनंला आमच्या बाजूनं येऊ द्या."