तिसरी प्रत

२००९ साल. टंकलेखनाच्या परीक्षेला बावीस उमेदवार बसले होते. एकवीस टेबलांवर टाइपरायटर होते. कुणी ते हातगाडीवरून आणले होते, कुणी स्कूटरच्या मागे दोरीनं बांधून. यंत्र उमेदवारानं स्वतःचं आणायचं, असा त्या कार्यालयाचा जुना नियम होता. बाविसाव्या टेबलावर धाकटीनं कापडी पिशवीतून एक वस्तू काढून ठेवली. शाळेच्या पाटीएवढा लॅपटॉप. हॉलभर खसखस पिकली.

घरातली धाकटी सून म्हणून ती धाकटी. कार्यालयातही तेच नाव चिकटलं होतं. नऊ वर्षं ती तिथे रोजंदारीवर टाइप करत होती. कायम व्हायला ही परीक्षा लागायची आणि परीक्षेला तीनच संधी. दोन गेल्या होत्या. ही गेली की महिनाअखेरीस काम बंद.

वेगात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण परीक्षेत मूळ कागदाखाली दोन कार्बन घालून तीन प्रती एकदम काढायच्या असत, आणि मुख्य परीक्षक तपासत फक्त तिसरी, कारण कार्यालयाच्या प्रत्येक पत्राची तिसरी प्रत जपून ठेवायची पद्धत होती. ती खिडकीशी धरून वाचत. त्यांना सगळे पाठीमागे कार्बनसाहेब म्हणत. धाकटीची डावी करंगळी लहानपणी दाराच्या फटीत चेंगरली होती. ती वाकायची, पण तिच्यात जोर नव्हता. करंगळीची अक्षरं पहिल्या प्रतीवर बरी उठत, दुसरीवर फिकट, तिसरीवर उठतच नसत. दोन्ही वेळा तिची तिसरी प्रत दात पडलेल्या तोंडासारखी निघाली.

त्या उन्हाळ्यात एका दुकानाच्या काचेआड तिला हे यंत्र दिसलं. दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं की यावर पुरुषांची बोटं मावत नाहीत, एक कळ दाबायला गेलं की दोन दाबल्या जातात, म्हणून ते स्वस्तात काढलंय. धाकटीनं करंगळी टेकवली. दाबली असंही म्हणता येणार नाही, नुसती टेकवली. पडद्यावर अक्षर उमटलं, बाकीच्या अक्षरांइतकंच काळंभोर. ती बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिली. मग तिनं यंत्र बांधून द्यायला सांगितलं.

थोरल्या जावेनं ते पाहून विचारलं, "खेळायला कोण येणार आहे गं तुझ्याशी?" नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, लहान यंत्राला हसण्याची त्याच्या घरात रीत नव्हती. त्यानं फक्त स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी एक फळी ठोकून दिली. यंत्रात तिनं टाइपरायटरच्याच मांडणीचा मराठी फाँट घालून घेतला होता. दोन महिने भात शिजेपर्यंत धाकटी त्या फळीवर टाइप करायची. भात दोनदा लागला. जाऊ म्हणाली, नोकरी मिळो न मिळो, आम्हाला करपलेल्याची सवय झाली.

आणि आता कार्बनसाहेब तिच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी नियमांचा कागद मागवला. दोनदा वाचला. यंत्र कोणतं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की यात खोडायची कळ असते ना. असते, ती म्हणाली. त्यांनी त्या कळीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर सही केली आणि कार्यालयाचा शिक्का मारला.

घंटा झाली. एकवीस यंत्रं एकदम कडाडली. बाविसाव्या टेबलावरून आवाजच येईना. पर्यवेक्षक बाई दोनदा येऊन सांगून गेल्या, सुरू करा हो, वेळ चाललाय. धाकटीनं मान वर केली नाही. तिचा उतारा वेळेच्या दीड मिनिट आधी संपला.

"कागद कुठाय?" कार्बनसाहेब म्हणाले.

कागद त्यांच्याच खोलीतल्या प्रिंटरमधून निघणार होता. शिपायानं आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला तो एकदा जोडून पाहू दिला होता. वाटेत एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून साहेबांनी लॅपटॉप स्वतः उचलला आणि ताट धरावं तसा दोन्ही हातांनी धरून नेला. मागून धाकटी. प्रिंटरनं तीन कागद दिले. साहेबांनी ते एकावर एक ठेवले, परत वेगळे केले, खिडकीशी नेले. पहिला पाहिला, मग दुसरा, मग तिसरा, मग पुन्हा पहिला.

"यातली तिसरी प्रत कोणती?"

"तुम्ही म्हणाल ती, साहेब."

निकालात तिचं नाव सर्वांत वर होतं.

जाऊ पुढे गल्लीभर सांगायची की ते यंत्र घ्यायचा सल्ला आपलाच. नवऱ्यानं चिमट्यानं दोनदा लॅपटॉप उघडून दुरुस्त केला. सहा वर्षं चालला बिचारा. कार्बनसाहेबांनी निवृत्तीनंतर तसलाच एक घेतला, पण त्यांची बोटं जाड. त्यांची पत्रं शेवटपर्यंत धाकटीनं टाइप करून दिली.

ती स्वतः शाखाप्रमुख होऊन निवृत्त झाली. त्या खुर्चीत बसली त्याच आठवड्यात तिनं तिसऱ्या प्रतीचा नियम खोडला. मग कार्यालयातल्या पत्रांच्या इतक्या वर्षांच्या तिसऱ्या प्रती जातात तरी कुठे, म्हणून तिनं तळघरातलं कपाट उघडायला लावलं. चाळीस वर्षांचे गठ्ठे तारखेवार लावलेले होते, प्रत्येकाला दोरा. एकाही दोऱ्याची गाठ कधी कुणी सोडलेली नव्हती.