टोमॅटोच्या फोडींखाली

"केचप घाल," बर्नीस टपरीच्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाली.

ओफेलियाचा चिमटा सॉसेजसकट तसाच थांबला. "कोणाच्या पावात?"

"कॅझच्या."

ओफेलियानं मान बाहेर काढून पाहिलं. बर्नीसचा नवरा कॅझ टपरीसमोरच्या बाकावर, एप्रिलच्या कोवळ्या उन्हात टोपी काढून बसला होता. लांबून तरी माणूस ठणठणीत दिसत होता.

"बर्नीसबाई, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? केचपची बाटली मी लहान मुलांसाठी ठेवते. शिकागोत कुणा मोठ्या माणसानं मागितलं, तर मी त्याला रस्ता दाखवते. आणि हे मला शिकवलं कुणी? तुमच्याच नवऱ्यानं."

ते खरंच होतं. दर शनिवारी इथं येऊन नावं ठेवल्याशिवाय कॅझच्या घशाखाली घास उतरत नसे. न्यूयॉर्कवाले सॉसेजवर आंबट कोबी घालतात, डेट्रॉइटवाले खिमा ओततात. त्याच्या मते त्या बिचाऱ्यांना आईबापांनी वळणच लावलं नव्हतं. केचपचं तर नावच नको. केचप म्हणजे मेलेल्या जिभेचं खाणं, असं तो चारचौघांत सांगायचा.

मग नोव्हेंबरात त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला.

"तो म्हणतो, चव परत आली," बर्नीस म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतो. परवा मी सूपात मीठच घातलं नाही. सगळं प्यायला आणि म्हणाला, छान झालंय. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस कधी छान म्हणाला नाही गं. आता रोज म्हणतो. मला ऐकवत नाही."

"म्हणून केचप?"

"सूपाचं सोड. पण तोंडात केचप गेलं, तर तो मेलेला असला तरी उठून भांडेल. थोडीशी जरी चव उरली असेल ना, तरी आज कळेल."

मागे रांग वाढत होती. ओफेलियानं एक सुस्कारा सोडला. खसखस लावलेला पाव उघडून तिनं त्यात सॉसेज ठेवलं आणि रांगेकडे पाठ करून वर केचपची लाल रेघ ओढली. ती झाकायला टोमॅटोच्या फोडी लावल्या. मग मोहरीची चटणी, कांदा, काकडीच्या लोणच्याची लांब फाक, दोन मिरच्या आणि शेवटी चिमूटभर सेलरीचं मीठ.

"या पापाच्या धनीण तुम्ही," ती म्हणाली.

बर्नीसनं पाव कॅझपुढे ठेवला आणि समोर बसली. त्यानं पहिला घास घेतला. दोनदा चावला आणि मध्येच थांबला. बर्नीसनं बाकाची कड घट्ट धरली. आता ओरडेल, आता पाव भिरकावून देईल.

कॅझनं दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"छान आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

बर्नीसनं खिडकीकडे पाहून नकारार्थी मान हलवली, तशी ओफेलियाही तोंड फिरवून कांदा चिरायला लागली.

"पाणी आणतो," म्हणत कॅझ उठला. त्याच्यापुढचा कागद चाटूनपुसून स्वच्छ झाला होता. बर्नीसनं तो चुरगळला आणि खिडकीजवळच्या डब्यात टाकायला जड पावलांनी गेली. कॅझ तिथंच खिडकीशी, तिच्याकडे पाठ करून उभा होता. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याची कुजबूज अख्ख्या रांगेला ऐकू जाते.

"ओफेलिया, काय घातलं होतंस त्यात?"

"नेहमीचंच की, कॅझसाहेब."

"खोटं बोलू नकोस. गोड लागलं. मग आंबट लागलं." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "इतक्या महिन्यांत तोंडाला पहिल्यांदा काहीतरी लागलं गं. केचप होतं ना?"

ओफेलियानं भीत भीत होकारार्थी मान हलवली.

कॅझ खिडकीशी आणखी वाकला. "आणखी एक दे. तेच घाल. या वेळी जरा सढळ हातानं. आणि बर्नीसला कळता कामा नये."

बर्नीस मागे तोंडावर हात दाबून हसत होती, रडत होती. तिला स्वतःलाच कळत नव्हतं. ओफेलियानं ती लाल बाटली सगळ्या रांगेदेखत उचलली आणि पावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळली.

कॅझनं उभ्याउभ्याच घास घेतला.

"कसं आहे?" बर्नीसनं मागून विचारलं.

तो दचकला. मग पकडलेल्या चोरासारखा चावत राहिला. "भिकार," तो म्हणाला. "पाव गार पडलाय. कांदा बोटाएवढा जाड. शिकागोची अब्रू घालवली या बाईनं."

"आणखी?" बर्नीस डोळे पुसत म्हणाली.

"मिरची तर लागतच नाही अजून."

"लागेल."

"लागेल म्हणा," तो म्हणाला आणि उरलेला पाव तोंडात कोंबला. "रात्रीला काय करणार आहेस? ते सूप नको हं. वीट आलाय त्याचा."

दोघं घराकडे निघाली. कॅझ वाटेत कोबीच्या पानातला भात कसा करायचा ते तिला शिकवायला लागला. त्याच्या हनुवटीवर केचपचा ठसठशीत लाल ओघळ होता. बर्नीसच्या हातात कागदी रुमाल होता, पण तिनं तो पुढे केला नाही. घरापर्यंत ओळखीची बरीच माणसं भेटणार होती.