डावा कल्ला

"ज्याला स्वतःचे कल्ले सारखे ठेवता येत नाहीत, त्याच्या हातात मी माझी मान देणार नाही!"

असं म्हणून न्हाव्याने संमतिपत्र बाजूला सारलं. खरं तर सकाळपासूनच त्याची पाचावर धारण बसली होती. अडतीस वर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणारा हा माणूस, आणि आज त्याच्या गळ्यातली कॅन्सरची गाठ दुसराच कुणी कापणार होता.

"अहो, काय बोलताय! डॉक्टर आहेत ते," बायको कळवळली.

सर्जनने मात्र खिडकीच्या काचेत वाकून पाहिलं. उजवा कल्ला खरंच बोटभर वर चढला होता, तोही वाकडातिकडा. "घाईघाईत मीच कापले हो, काका. फार वाईट दिसतंय का?"

"उंदराने कुरतडल्यासारखं. बसा इथे."

हत्यारांची पिशवी उशाशीच होती; तिच्याशिवाय तो घरातून निघालाच नव्हता. बायकोने सर्जनच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. न्हाव्याने वस्तरा उघडला. पातं थरथरत होतं. सर्जनने ते पाहिलं, डोळे मिटले आणि मान तिरकी केली.

"हलायचं नाही हं," न्हावी म्हणाला, दुकानात दिवसातून चाळीसदा म्हणतो तसंच. पातं कातडीला टेकलं आणि हात एकदम थांबला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग असा काही आनंद झाला की तो चक्क शीळ घालू लागला.

उजवा कल्ला सुतात आला. त्याने वस्तरा मिटला.

"आणि डावा?" सर्जनने विचारलं.

"तो मी बाहेर आल्यावर."

"अहो काका, परवा माझ्या मेहुणीचं लग्न आहे! असा जाऊ मी?"

"मग नीट काम करा की!"

सर्जन खो खो हसत सुटला. आठ दिवस तोंड पाडून बसलेली बायकोही हसली. न्हाव्याने संमतिपत्र ओढून घेतलं आणि खाली रेघ मारून झोकात सही ठोकली.

ट्रॉली निघाली. सर्जन पुढे चालला होता, हिरवी टोपी कानांवर ओढत. न्हावी पडल्या पडल्या बघत राहिला. डावा कल्ला काही केल्या टोपीत जात नव्हता.