पहिल्यांदा घेतलेले नाव

वाचकहो, एका निःशब्द झालेल्या संसाराची अखेरची हकिकत येथे नम्रपणे सादर करीत आहे.

भांडण काहीच नव्हते. मुलगी सासरी गेल्यापासून भालचंद्र आणि मंदा यांच्यातले बोलणेच आटले होते. म्हणून परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज ऑनलाइन सेवेकडून तयार करून घेण्यास दोघे एकाच मोबाइलपुढे बसले होते.

“काकू, पतीचे नाव सांगा. रेकॉर्डिंग सुरू आहे,” पडद्यावरील वकीलबाई म्हणाल्या.

“हेच की, शेजारी बसलेत.”

“‘हे’ अर्जात चालत नाही, काकू.”

मंदाने पदर सावरला. लग्नातला उखाणा सोडला, तर तिने ते नाव कधीच घेतले नव्हते; नुसते नाव घेण्याची ही पहिलीच वेळ. ती हळूच म्हणाली, “भालचंद्र.”

“काय गं?” भालचंद्र उत्तरला. कित्येक महिन्यांनी त्याच्या कंठातून एवढी माया पाझरली होती.

“काका, मध्ये बोलू नका. काकू, पुन्हा एकदा.”

त्याने तोंडावर रुमाल घट्ट धरला. मंदाने डोळे पुसले आणि नाव पुन्हा घेतले. या वेळी कोणी ओ दिली नाही.

आपला नम्र, निवृत्ती केरू साबळे. आपण वाचलेत, उपकृत आहे.