वर जाणारी डोली

डांबर संपतं तिथं जीप थांबली. मालोजी उतरला, डावा पाय खाली टेकला, पण जमीन पायाला लागलीच नाही. दाराला धरून तो तसाच लोंबकळत राहिला.

"अवो, मला धरा," शकू म्हणाली. "रातीपर्यंत पाय बधिर ऱ्हायेल, डॉक्टर बोलले नाय का?"

समोर आंब्याखाली मोरू आणि सोनबा डोली घेऊन बसले होते. डोली म्हणजे जाड बांबूला झोळीसारखी बांधलेली सतरंजी. वाडीपर्यंत रस्ता नाही, म्हणून वाडीतला आजारी माणूस आजवर हिच्यातूनच खाली आला होता, आणि बांबूचं एक टोक बहुतेक वेळा मालोजीच्याच खांद्यावर असायचं.

"ही कुनासाठी?" त्यानं विचारलं.

"तुज्यासाठी. बस," मोरू म्हणाला.

"डोलीत बसून वर कोन येतं रे? बाळंतीण, नायतर मढं."

"सोनोग्राफी करून आलायस ना? मंग बाळंतीणच तू. काय बोलला डॉक्टर, पोरगा का पोरगी?"

सोनबा खोकत खोकत हसला. शकूही हसली. मालोजीला हसू आलं नाही.

सकाळी महाडच्या दवाखान्यात तो टेबलावर पालथा पडला होता. डॉक्टरांनी कमरेवर बोटानं दाबत दाबत दुखरी जागा शोधली. तिथं काहीतरी गार, चिकट चोपडलं, त्यावर यंत्र टेकवलं आणि पडद्यात बघत बघत लांब सुई मणक्याजवळ नेली. मान वळवून मालोजीनं पडद्याकडे बघितलं, तर त्यात नुसतं धुकं होतं. शकू उशाशी उभी होती. मध्येच तिनं विचारलं, "बाईमानसाची कंबर बी दिसते का वो ह्याच्यात?"

"सगळ्यांची दिसते, मावशी."

"गप ऱ्हा गो," मालोजी खेकसला. "त्यांचा हात हालेल."

मग कमरेतली कळ थांबली. तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

"दुखणं कमी होईल," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "पण ओझं उचलायचं नाही." मालोजीनं त्यातलं पहिलंच तेवढं ऐकलं होतं.

"मी चालत येतो," आता तो मोरूला म्हणाला. पाचसहा पावलं गेला आणि पाय दुमडला. मोरूनं बखोटीला धरून त्याला उठवलं आणि डोलीत बसवलं.

"आठ दिवसांनी बांबू मीच धरनार," मालोजी आतून म्हणाला.

सोनबानं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. "डोली धरनारा भरत गेला मुंबयला. तू हा असा. वाडीत आता दोनच खांदे ऱ्हायले," तो म्हणाला आणि चालू लागला.

पहिल्या वळणावरच त्याला खोकल्याची उबळ आली. डोली खाली टेकली. सोनबा दगडावर बसला तो उठेना. शकूनं औषधांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला, पदराच्या टोकाची चुंबळ करून खांद्यावर घेतली आणि बांबूखाली वाकली.

"वयनी, तुमी?" मोरू मागून म्हणाला.

"मंग कोन? वाडी काय खाली येनार हाय?"

डोली उचलली गेली. बांबू खांद्यावर कसा बसवायचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

"जड हाय का वो?" मोरूनं विचारलं.

"निम्मा तर महाडलाच ठेवून आलेय. निम्म्याचं काय वजन!"

मोरू हसला. मालोजी समोरच्या पाठीकडे बघत राहिला. ती पाठ रोज त्याच्या समोर असायची, चुलीपुढे, विहिरीवर, शेतात. इतक्या जवळून तो तिच्याकडे कधी बघत बसला नव्हता.

दुसऱ्या वळणानंतर खडी चढण लागली. शकूनं एका हातानं बांबू सावरला. दुसरा हात मागे आला, कमरेवर गेला आणि मणक्याशेजारी अंगठा रुतला. सकाळी डॉक्टरांनी त्याच्या कमरेवर शोधून काढली होती, तीच जागा. तिला शोधावी लागली नाही.

"शकू," तो म्हणाला, "टेकव गो खाली."

तिनं मागे बघितलं नाही. "का? दुखतंय का तुमाला?"

मालोजीनं कमरेपाशी चाचपून बघितलं. तिथं काहीच नव्हतं.

"नाय."

"मंग बसा की," ती म्हणाली, आणि अंगठा तसाच ठेवून तिनं पुढचं पाऊल टाकलं.